घर विकायला निघालंय आणि आपण त्यातच राहतोय: ठाणे-नवी मुंबईतल्या वारसांनी सही करण्याआधी काय करावं

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरीकी मी अकरा वर्षं केली. त्या काळात एक वाक्य इतक्यांदा ऐकलं की आता ते कानावर पडलं तरी मी हातातला चहा खाली ठेवतो. "काही नाही हो, फक्त सोसायटीसाठी सही हवीय." तेरावं झालेलं असतं, पाहुणे गेलेले असतात, आणि मोठा भाऊ किंवा मेहुणा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चार कागद घेऊन बसलेला असतो. सही करणारा बहुतेक वेळा त्याच घरात राहणारा असतो. धाकटा भाऊ, विधवा वहिनी, माहेरी परतलेली बहीण, नाहीतर खुद्द आई.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वारसाला कायद्याने मिळतो तो घरातला हिस्सा. 'मी इथे लहानाचा मोठा झालो म्हणून मला इथे राहू द्या' असा वेगळा हक्क फार थोड्यांना मिळतो, ते कोण हे पुढे येईल. पण हिस्सा तुमच्या नावावर आहे तोवर दुसरा हिस्सेदार तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही, कारण घराच्या प्रत्येक विटेत दोघांचाही वाटा असतो. सही झाली की त्या हिश्श्याचे पैसे होतात आणि कुठे राहायचं हा प्रश्न तुमच्या एकट्याचा उरतो. म्हणून राहण्याची सोय सहीच्या आधी लावायची, नंतर नाही.

घर नक्की कुणाचं होतं?

भांडायला बसण्याआधी कपाटातून मूळ कागद काढा: खरेदीचा करार, त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, आणि नवी मुंबईत असाल तर सिडकोचा भाडेपट्टा किंवा वाटपपत्र. इंडेक्स टू सापडत नसेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवरून तो काढता येतो. चाळीतलं किंवा बैठं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणा, गावाच्या हद्दीत असाल तर सातबारा. घरपट्टीच्या बिलावर कुणाचं नाव आहे याला मालकीच्या बाबतीत फारशी किंमत नाही, आणि तरीही भांडणात सगळ्यात आधी तेच बिल नाचवलं जातं.

आता त्या कागदावरची नावं बघा.

वडील हयात आहेत आणि घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आहे, तर विषय तिथेच संपला. ते घर विकू शकतात. मुलगा तिथे तीस वर्षं राहत असला तरी तो त्यांच्या परवानगीने राहतोय. वारसा मृत्यूनंतर सुरू होतो, आधी नाही. 'वडिलोपार्जित' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण वडिलांनी कर्ज काढून घेतलेला वागळे इस्टेटमधला वन बीएचके वडिलोपार्जित नसतो. आजोबा-पणजोबांपासून न वाटता चालत आलेली गावठाणातली जागा असेल तर तो शब्द शोभतो. अशा जागेत मुलग्यांइतकाच मुलींनाही जन्मापासून हक्क आहे. केंद्राने ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू केली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलं. याच दुरुस्तीत आणखी एक कलम गेलं, त्याची आठवण फार कमी लोकांना असते. त्याआधी राहत्या घराचं वाटप बहिणीला मागता येत नसे, भाऊ वाटप करेपर्यंत तिने थांबायचं असे. आता ती स्वतः मागू शकते.

करारात आईवडील दोघांची नावं असतील तर सहसा निम्मं-निम्मं धरतात, वेगळा पुरावा नसेल तर. म्हणजे वडील गेल्यावर त्यांचा फक्त अर्धा भाग वारसांत वाटला जातो. आईचा अर्धा तिचाच राहतो, शिवाय वडिलांच्या अर्ध्यातही तिला वाटा मिळतो.

घर आईच्या नावावर असेल तर एक खाच आहे. ती माहीत नसल्याने मी एका घरात फार वाईट प्रसंग पाहिला. हिंदू उत्तराधिकार कायद्यात सासरे इच्छापत्र न करता गेले तर आधी वारलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गाची, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असणाऱ्यांपैकी, वारस असते, तिला मुलांसोबत नवऱ्याचा वाटा मिळतो. सासूच्या नावावरच्या घरात मात्र वाटा नातवंडांना मिळतो, सुनेला नाही. मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते म्हणून ठाण्यात कितीतरी घरं बायकांच्या नावावर घेतलेली आहेत. त्या घरांतल्या विधवा सुनांनी हे नीट समजून घ्यावं. आपल्या मुलांचा हिस्सा आहे, आपला नाही, आणि मुलं अज्ञान असतील तर त्यांचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेली विक्री मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो. शहाणा खरेदीदार म्हणूनच असा फ्लॅट परवानगीशिवाय घेत नाही.

इच्छापत्र असेल तर गणितच बदलतं. स्वकष्टाचं घर कुणालाही देता येतं, एखाद्या मुलाला पूर्ण वगळूनही. 'इच्छापत्र आहे' असं कुणी म्हटलं तर आधी प्रत मागा, साक्षीदार कोण ते पाहा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत केलेल्या आणि इथल्याच घराबद्दलच्या इच्छापत्राला प्रोबेट (इच्छापत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही, तरी वाद असेल तर सोसायटी कोर्टाचा कागद मागणारच.

पागडीच्या खोल्यांचं सगळंच वेगळं. तिथे मालकी घरमालकाची असते आणि भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तिथे राहत असल्याचा पुरावा हाच तुमचा खजिना: रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांबद्दल झालं. वसईपासून ठाण्यापर्यंतच्या ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो (विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांना समान). मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे हिस्से पडतात. सहहिस्सेदार म्हणून ताबा आणि वाटपाचा दावा याबद्दल पुढे जे येतं ते मात्र बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.

हिस्से कागदावर मांडा

एक उदाहरण घेऊ, पुढे ते पुन्हा पुन्हा लागेल. पाचपाखाडीत वडिलांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट. वडील इच्छापत्र न करता गेले. मागे आई, पुण्यातला मोठा मुलगा, डोंबिवलीला दिलेली मुलगी, आणि आईसोबत त्याच घरात राहणारा धाकटा. चौघांना समान, प्रत्येकी पाव हिस्सा. लग्न झालं म्हणून मुलीचा वाटा कमी होत नाही, आणि 'मी आईला सांभाळलं' म्हणून धाकट्याचा वाढत नाही. सांभाळण्याचा मुद्दा आपसांतल्या समझोत्यात लावून धरा, हवं तर जोरात धरा, पण तो हक्क म्हणून मांडलात तर समोरचा वकील हसेल.

घर समजा एक कोटी वीस लाखांना जाणार. प्रत्येकाला तीस लाख. धाकट्याने हा आकडा एका कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि शेजारी लिहावं की तीस लाखांत आपण कुठे राहणार. ठाण्यात एवढ्यात पक्कं घर मिळणं कठीण. आई आणि तो मिळून साठ. तेवढ्यात दिवा किंवा बदलापूरच्या बाजूला चित्र थोडं दिसायला लागतं, पण आईचा दवाखाना, त्याची नोकरी आणि मुलीची शाळा सगळी इथे. विकायचं की नाही हा निर्णय खरं तर या दोन आकड्यांमध्येच दडलेला असतो, आणि घरातली भांडणं मात्र कोण कधी दवाखान्यात आलं नाही यावर होतात.

नाव लावून घ्या

हे लोक सगळ्यात जास्त टाळतात. वडील जाऊन सात वर्षं झाली तरी मेंटेनन्सचं बिल त्यांच्याच नावाने येत असतं. मग अचानक गिऱ्हाईक मिळतं आणि पळापळ सुरू होते.

आधी नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर मी एकदा मोठ्या अक्षरात लावलं होतं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातलं कलम १५४ब-१३ स्पष्ट आहे: नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं, तेही खरे वारस सभासद होईपर्यंतच. वारसांची नोंद इच्छापत्र, वारस प्रमाणपत्र किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थापत्र यांच्या आधारे होते. तेव्हा मोठा भाऊ नॉमिनी आहे म्हणून तो एकटा घर विकू शकतो, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

नामनिर्देशन नसेल तर सोसायटी फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते. तुम्ही वारस आहात आणि परगावी राहता, तर ही नोटीस तुमच्या डोळ्यांखालून निसटते. उपाय साधा आहे. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून सोसायटीला एका पानाचं पत्र द्या: मी अमुक यांचा वारस आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय कुणाच्याही नावे हस्तांतर करू नये. पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा आणि एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांना. सेक्रेटरी म्हणून सांगतो, असं एक पत्र फाईलमध्ये असलं की कमिटी घाई करायला धजत नाही.

दोन दाखल्यांत गोंधळ होतो. उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट हे बँकेतल्या ठेवी, शेअर अशांसाठी असतं. घराला लागतं ते वारस प्रमाणपत्र, जे आपल्याकडे दिवाणी न्यायालय १८२७ च्या जुन्या बॉम्बे रेग्युलेशनखाली देतं. तलाठ्याचा किंवा नगरसेवकाचा वारस दाखला काही कामांना चालतो, विक्रीला नाही.

नवी मुंबईत एक मजल जास्त. बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, त्यामुळे हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं, आणि त्याआधी वारसांची नोंद. प्रकल्पग्रस्तांच्या ९५ गावांतली स्थिती याहून गुंतागुंतीची. साडेबारा टक्के योजनेचा, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा, भूखंड आजोबांच्या नावे मंजूर झालेला असतो, वारसांची यादी तीन पिढ्यांची होते, आणि बहिणी-आत्यांकडून साडीचोळीवर हक्कसोड घेऊन टाकण्याची रीत अजून सुटलेली नाही. गावठाणातल्या गरजेपोटी बांधलेल्या घरांना तर धड कागदच नसतात. तिथे नातेसंबंध आणि ताबा सिद्ध करणारं जे मिळेल ते गोळा करा: शाळेचे दाखले, जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, भूसंपादनाच्या वेळची यादी.

आणि एक भूगोल. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. नवी मुंबई म्हटलं तरी कोर्ट त्यानुसार बदलतं.

सहीसाठी आलेला कागद

कागद कोणता आहे हे त्याच्या मथळ्यावरून आणि तुम्हाला कुठे बोलावलंय यावरून कळतं.

सोसायटीच्या छापील अर्जावर, सभासदत्वासाठी, सगळ्या वारसांची नावं लिहून सही मागत असतील तर ठीक. तोच अर्ज 'इतर वारसांची हरकत नाही, एकट्याच्या नावे करावे' असा असेल तर थांबा. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीसमोर 'ना-हरकत प्रतिज्ञापत्र' असेल तर त्याने घर दुसऱ्याच्या नावे होत नाही. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायला नोंदणीकृत दस्तच लागतो. पण हाच कागद पुढे कोर्टात 'यांनी तेव्हाच हो म्हटलं होतं' म्हणून समोर येतो. आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आधार कार्ड घेऊन बोलावलं, तिथे अंगठा आणि फोटो घेतला, तर ते हक्कसोडपत्र असू शकतं, विक्रीचा करार असू शकतो किंवा कुलमुखत्यारपत्र. 'फक्त सोसायटीसाठी' ते नक्की नसतं.

प्रत एक दिवस आधी मागा, घरी वाचा. बहिणींना हे सांगणं अवघड जातं, मला कल्पना आहे. प्रत मागितली की "विश्वास नाही का?" येतं, आणि त्यामागून न बोललेलं "माहेर हवंय ना?". माझ्या ओळखीच्या एका बाईंनी भावाला उत्तर दिलं होतं, "विश्वास आहे रे, पण चष्मा घरी विसरलेय, उद्या वाचून करते." दुसऱ्या दिवशी त्या वकिलाकडे गेल्या होत्या.

हक्कसोड करायचंच ठरलं तर दोन गोष्टी. वारशाने आलेल्या घराचा वाटा जवळच्या नात्यात मोबदला न घेता सोडला तर मुद्रांक अगदी नाममात्र लागतो, म्हणून सगळे दस्तात 'विनामोबदला' लिहून मोकळे होतात. पैसे प्रत्यक्षात घेतले असतील तर तसं लिहू नका. तीस लाखांचा चेक खात्यात आणि दस्तात शून्य मोबदला, याचं उत्तर नंतर आयकर खात्याला देता येत नाही. दुसरं, हक्क कुणाच्या लाभात सोडलाय ते नाव नीट वाचा. आईसाठी सोडला असं समजून भावासाठी सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्यात.

राहायचंच असेल तर

इथे घाई करू नका. घर विकू नये असं वाटणाऱ्याकडे नुसता नकार असून चालत नाही, प्रस्ताव लागतो.

सगळ्यात सरळ म्हणजे बाकीच्यांचे हिस्से विकत घेणं. आपल्या उदाहरणात आई आणि धाकट्याला साठ लाख उभे करावे लागतील. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२ इथे कामी येतं: इच्छापत्र न करता गेलेल्या माणसाची स्थावर मिळकत पहिल्या वर्गाच्या दोन किंवा जास्त वारसांकडे आली आणि त्यातला एक आपला वाटा विकायला निघाला, तर बाकीच्यांना तो घेण्याचा पहिला हक्क आहे. किंमत जमली नाही तर कोर्ट ठरवतं, आणि घ्यायला दोघे पुढे आले तर जो जास्त देईल त्याला. भावाने विकायचं म्हटल्या-म्हटल्या त्याला लेखी कळवा की या कलमाखाली मी घ्यायला तयार आहे. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. किंमत सरकारी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढून घ्या, म्हणजे 'शेजारच्यांना दीड कोटी मिळाले' या चर्चेला लगाम बसतो. बँक कर्ज देणार का, हे आधी विचारा. हक्कसोडपत्रावर कर्ज द्यायला काही बँका कां-कूं करतात, हिश्श्याचं खरेदीखत केलं तर सोपं जातं, पण मग मुद्रांक पूर्ण लागतो.

मोठ्याने वाटपाचा दावा टाकला, तरी खेळ संपत नाही. फ्लॅटचे चार तुकडे करता येत नाहीत, म्हणून १८९३ च्या वाटप कायद्याने निम्म्या किंवा जास्त हिश्श्याच्या लोकांनी मागणी केली तर कोर्ट विक्रीचा आदेश देऊ शकतं. पण त्याच कायद्याच्या पुढच्या कलमात, विक्री मागणाऱ्यांचे हिस्से कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची संधी बाकीच्यांना आहे. घरात राहणाऱ्याला याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही. आणि ते पैशांशिवाय चालत नाही, म्हणून बँकेकडे आधी जायला सांगितलं.

समजा चिडून भावाने आपला पाव हिस्सा बाहेरच्याला, एखाद्या एजंटला, विकून टाकला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटपाचा दावाच टाकावा लागतो. आणि त्याने तो टाकला की वाटप कायद्याच्या कलम ४ खाली तुम्ही त्याचा हिस्सा कोर्टाच्या किमतीला मागू शकता. म्हणून 'मी माझा वाटा गुंडाला विकेन' ही धमकी ऐकायला जेवढी भयंकर, तेवढी व्यवहारात नाही. शुद्धीवर असलेला गिऱ्हाईक असा हिस्सा घेत नाही, घेतलाच तर मातीमोल किमतीत.

पैसेच नसतील तर वेळ मागा. आई हयात असेपर्यंत विकायचं नाही, तिच्यानंतर ठरलेल्या पद्धतीने विकायचं, आणि तोवर तिथे राहणारा मेंटेनन्स-घरपट्टी भरेल, असा करार बऱ्याच घरांत जमतो. यातून आईची राहण्याची सोय होतेच, धाकट्यालाही तयारीला काही वर्षं मिळतात. पण हा करार नोंदवा. आधी झालेल्या तोंडी वाटणीची नुसती आठवण लिहून ठेवणारा कागद नोंदवावा लागत नाही, पण नवे हक्क निर्माण करणारा लागतो, आणि तुमचा कोणता यावर पुढे वाद नको.

ज्यांना राहण्याचा वेगळा हक्क आहे

सुनेचं आणि विधवेचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घरात तिचा हिस्सा असो वा नसो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो लागू होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात सांगितलं. मे २०२२ च्या प्रभा त्यागी निकालात विधवेच्या बाबतीत ते आणखी स्पष्ट झालं. म्हणजे वर सांगितलेली, सासूच्या घरात वाटा नसलेली सून अगदीच उघड्यावर नाही. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकी नाही, आणि कोर्ट पर्यायी भाड्याच्या घराची सोयही लावू शकतं. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना संरक्षण अधिकाऱ्यांची मदत मिळते.

आईने मायेपोटी आधीच घर मुलाच्या नावे बक्षीस करून टाकलं आणि तो आता विकायला निघाला, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ बघा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, सांभाळलं नाही तर, प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण रद्द करू शकतं. अट दस्तातच लिहिलेली असेल तर काम सोपं. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्या प्रत्येक आईला मी ती एक ओळ घालायला लावतो, मुलगा कितीही गुणी असला तरी.

विकायचंच ठरलं तर

तर कराराचा मसुदा तुम्ही मागून घ्या, एजंट दाखवेल तेव्हा नाही. प्रत्येक वारसाच्या नावे वेगळा चेक, थेट त्याच्या खात्यात. 'मोठ्याच्या खात्यात जमा, मग वाटू' याला हो म्हणू नका, नात्यात कितीही गोडी असली तरी. विसार रक्कमसुद्धा हिश्श्याप्रमाणे.

ताबा पूर्ण रक्कम मिळाल्यावर आणि ठरलेल्या तारखेला, त्या आधी नाही. ती तारीख दोन-तीन महिने पुढची घ्या, विशेषतः मुलांची परीक्षा मधे येत असेल तर. खरेदीदाराला लगेच मालकी हवी असेल आणि तुम्हाला काही महिने राहायचं असेल, तर विक्रीनंतर तुमच्या नावे लिव्ह अँड लायसन्स करून घ्या, आणि तो नोंदवा. तोंडी 'राहा की महिनाभर' वर राहिलेल्या माणसाचं सामान जिन्यात आलेलं मी पाहिलंय.

आई आणि धाकट्याचा पैसा एकत्र करून नवं घर घेत असाल तर त्यात आईचं नाव आणि तिचा हिस्सा लिहा. नाहीतर पाच वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

सोसायटी महापालिका क्षेत्रात हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त पंचवीस हजार घेऊ शकते, आणि वारसाच्या नावे होताना काहीच नाही. 'विकासनिधी' म्हणून दोन लाख मागितले तर पावती कोणत्या नावाने देणार ते विचारा.

कराबद्दल थोडक्यात. नफा मोजताना घर वडिलांनी घेतल्याची तारीख आणि किंमत धरली जाते, २००१ च्या एप्रिलआधी घेतलं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत घेता येते. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीय महागाई निर्देशांकाने किंमत न वाढवता १२.५ टक्के किंवा ती वाढवून २० टक्के, यातलं कमी पडेल ते भरू शकतो. आपल्या हिश्श्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावर सूट मिळते, म्हणजे राहायला घर घेणाऱ्याचा कर वाचतो आणि पुण्यातल्या भावाचा कदाचित नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं. एखादा वारस परदेशी असेल तर त्याच्या वाट्याला करकपात जास्त होते, त्याची तयारी महिनाभर आधी लागते.

न विचारता विकलं तर

तुमच्या सहीशिवाय झालेली विक्री तुमच्या हिश्श्यापुरती तुम्हाला बांधत नाही. पण घरी बसून हे खरं ठरत नाही.

खरेदीदाराचे वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, बहुधा चौदा-पंधरा दिवसांची. ती दिसली की त्याच मुदतीत लेखी हरकत पाठवा, वारसाचे कागद जोडून. बहुतेक सौदे इथेच थांबतात, कारण कर्ज देणारी बँक मागे सरकते. न थांबल्यास वाटपाचा दावा आणि त्यासोबत विक्रीला मनाई मागणारा अर्ज. दावा दाखल झाल्यावर त्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे दावा चालू असल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती नोंदवली तरच नंतरचा खरेदीदार दाव्याच्या निकालाला बांधला जातो, आणि इंडेक्स शोधणाऱ्याला ती दिसते. मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, हे वकिलाला आठवण करून द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

कुलूप बदलून बाहेर काढलं असेल तर त्याच आठवड्यात हालचाल करा. विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम ६ सांगतं की बेकायदा ताबा काढून घेतल्यास सहा महिन्यांच्या आत, मालकीचा वाद न काढता, ताबा परत मागता येतो. सहा महिने हा शब्द दारावर चिकटवून ठेवा.

आणि पुनर्विकास

नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, वाशीचे जुने सेक्टर, सगळीकडे इमारती पाडायला निघाल्या आहेत, आणि कागदोपत्री घर विकलं जात नसतानाही वारस बाहेर पडतो तो इथे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. बिल्डर नव्या फ्लॅटचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार करतो तो सोसायटीच्या नोंदीतल्या माणसाशी. वडिलांचं नाव तसंच राहिलं, नॉमिनी मोठा भाऊ, की करारावर सही त्याची, भाडं त्याच्या खात्यात, आणि घर रिकामं करणारे तुम्ही. तीन वर्षांनी नवी चावी येते तेव्हा ती कुणाच्या हातात पडते ते सांगायला नको. तेव्हा बिल्डरची सभा ठरली की त्याआधी वारसांची नोंद, निदान हरकतीचं पत्र, आणि करारात चारही नावं. भाड्याचा चेक प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्याच्या खात्यात जाईल असं कलम. बिल्डरच्या माणसाला हे घालायला पाच मिनिटं लागतात, फक्त सह्या होण्याआधी सांगा.